साध्य आणि सिद्ध : इंग्रजीतील दोन धातुरूपे आणि क्रियेच्या स्वरूपाचा प्रश्न

इंग्रजीत एका क्रियापदाच्या पाठोपाठ दुसरी क्रिया सांगायची असली, तर त्या दुसऱ्या क्रियेला पूर्ण क्रियापदाचे रूप मिळत नाही. काळ, पुरुष आणि वचन ही आपली लक्षणे टाकून ती बहुधा दोहोंपैकी एक वेष घेते. धातूला ‘इंग’ हा प्रत्यय लागून होणाऱ्या रूपाला जेरंड म्हणतात आणि ते वाक्यात नामाचे काम करते. धातूच्या आधी ‘टू’ येऊन होणाऱ्या रूपाला इन्फिनिटिव्ह म्हणतात आणि ते मराठीतील ‘करायला’, ‘करू’, ‘करण्यास’ या रूपांच्या जवळ जाते. कोणत्या क्रियापदामागून कोणते रूप यावे हे वक्त्याच्या मर्जीवर नसते. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘डिनाय’ ही क्रियापदे जेरंडच मागतात, ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘रिफ्यूज’ ही इन्फिनिटिव्हच मागतात, काहींना दोन्ही चालतात आणि त्यांतल्या थोड्यांच्या बाबतीत रूप बदलताच अर्थही बदलतो. मराठीत ‘वाचायला आवडते’ आणि ‘वाचायला हवे’ या दोन्ही ठिकाणी एकच रूप येत असल्यामुळे मराठी विद्यार्थी ‘आय एन्जॉय टू रीड’ असे लिहून जातो आणि त्याच्या हाती क्रियापदांच्या याद्या दिल्या जातात. याद्या पाठ होतात, परंतु यादी हे कारण नव्हे. या याद्यांच्या मागे एक जुना प्रश्न उभा आहे : क्रिया घडत असताना नव्हे, तर तिच्याविषयी बोलले जात असताना, जिच्याविषयी बोलले जाते ती नेमकी काय असते? ती वस्तू असते, की अजून व्हायचे असलेले काही? या प्रश्नाचा विचार भारतीय वैयाकरणांनी आणि मीमांसकांनी इतका खोलवर केला आहे, आणि त्यावर मोक्षाच्या स्वरूपासारखे मोठे वाद इतके अवलंबून ठेवले आहेत, की त्या विचाराच्या उजेडात इंग्रजीतील ही जोडी पाहणे केवळ व्याकरणाच्या सोयीचे राहत नाही.

शाळेत या प्रश्नाचे जे उत्तर दिले जाते ते काळाचे आहे. होऊन गेलेल्या क्रियेसाठी जेरंड आणि पुढे व्हायच्या क्रियेसाठी इन्फिनिटिव्ह, असा तो नियम. ‘रिमेंबर’ या क्रियापदाने त्याला भक्कम आधार मिळाल्यासारखा वाटतो, कारण ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे दार लावायचे लक्षात ठेवणे आणि ‘रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे दार लावल्याचे आठवणे. एकात क्रिया स्मरणाच्या पुढे आहे, दुसऱ्यात मागे. ‘फर्गेट’ आणि ‘रिग्रेट’ यांचेही असेच. परंतु हा नियम चार पावले चालून अडखळतो. ‘अव्हॉइड गोइंग’ म्हणताना जाणे घडलेलेच नसते, ‘पोस्टपोन गोइंग’ म्हणताना ते पुढे ढकललेले असते, ‘सजेस्ट गोइंग’, ‘कन्सिडर गोइंग’, ‘इमॅजिन गोइंग’ या साऱ्यांत ते नुसते मनात असते, आणि तरीही प्रत्येक ठिकाणी जेरंडच येतो. उलट बाजूने ‘मॅनेज टू ओपन’ म्हटले की दार उघडलेले असते, ती क्रिया पुरी झालेली असते, तरी तेथे इन्फिनिटिव्ह येतो. काळाचा नियम याला अपवाद म्हणून बाजूला ठेवतो; पण ज्या नियमाचे अपवाद त्याच्या उदाहरणांहून संख्येने कमी नाहीत, तो नियम दुसऱ्याच एखाद्या गोष्टीची पडछाया पाहत असावा, असा संशय घेणे योग्य ठरते.

ती दुसरी गोष्ट यास्काने निरुक्ताच्या आरंभीच मांडली आहे. शब्दांचे प्रकार सांगताना तो आख्यात, म्हणजे क्रियापद, भावप्रधान असते आणि नाम सत्त्वप्रधान असते असा भेद करतो. भाव म्हणजे होणे किंवा करणे, आणि सत्त्व म्हणजे सिद्ध, ठाशीव वस्तू. यास्काची सूक्ष्मता याच्या पुढे दिसते. ‘जातो’, ‘शिजवतो’ असे म्हणताना आरंभापासून शेवटापर्यंत एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांची ओळ क्रियापद सांगते, परंतु तीच क्रिया जेव्हा मूर्त होऊन, जणू वस्तू बनून येते, तेव्हा ‘व्रज्या’ आणि ‘पक्ति’ अशा नामांनी ती सांगितली जाते, असे तो नोंदवतो. म्हणजे प्रश्न क्रिया घडली की नाही हा नव्हेच. एकच क्रिया शब्दाने दोन प्रकारे मांडता येते, एकदा क्रमाने उलगडणारी म्हणून आणि एकदा गोळा होऊन बसलेली म्हणून.

पतंजलीने महाभाष्यात हा विचार आणखी अवघड जागी नेला. धातू कशाला म्हणावे याची चर्चा करताना तो क्रिया म्हणजे काय असे विचारतो, आणि चेष्टा, व्यापार असे पर्याय देऊन झाल्यावर कबूल करतो की क्रिया कधीही डोळ्यांना दिसत नाही. ती गोळा करून हातावर ठेवून दाखवता येत नाही, तिचे केवळ अनुमान करता येते. भांडे आहे, पाणी आहे, तांदूळ आहेत, अग्नी आहे, स्वयंपाकी आहे, आणि तरी कधी ‘शिजवतो’ असे म्हटले जाते, कधी म्हटले जात नाही. साधने तीच असता हा फरक ज्यामुळे पडतो ती क्रिया. वस्तू दिसतात, त्यांच्यातील बदल दिसतात, क्रिया मात्र दिसत नाही. असे असताना ‘पाक’ या नामाने ती वस्तूसारखी कशी सांगता येते, याला पतंजलीचे उत्तर असे की कृत् प्रत्ययाने सांगितलेला भाव द्रव्यासारखा होतो. कृत् म्हणजे धातूला लागून नाम किंवा अव्यय घडवणारा प्रत्यय. येथे ‘सारखा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण भाव द्रव्य होतो असे भाष्यकार म्हणत नाही. शब्दाच्या वागण्यात तो द्रव्यासारखा होतो, त्याला लिंग, वचन आणि विभक्ती घेता येतात, एवढेच.

या साऱ्याला शास्त्रीय घडण दिली ती भर्तृहरीने. साधारण इसवी सनाच्या पाचव्या शतकातील वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडात क्रियेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याच्या आरंभीच क्रियेची जी व्याख्या येते तिचा आशय असा, की एखादी गोष्ट प्रत्यक्षात सिद्ध असो वा नसो, जेव्हा ती साध्य म्हणून, म्हणजे अजून साधायची आहे अशा रीतीने, आणि क्रमाचे रूप घेऊन सांगितली जाते, तेव्हा तिला क्रिया म्हणतात. ‘सिद्ध असो वा नसो’ या सवलतीने काळाचा नियम मुळातच निकालात निघतो. जे घडून चुकले तेही साध्य म्हणून मांडता येते, आणि जे घडलेच नाही तेही सिद्ध म्हणून. ‘मॅनेज टू ओपन’ मध्ये उघडणे पुरे झाले आहे, तरी तेथे ते खटपटीच्या टोकाशी असलेले साध्य म्हणून येते, कारण ‘मॅनेज’ या क्रियापदाला खटपट सांगायची आहे. ‘अव्हॉइड गोइंग’ मध्ये जाणे कधीच झाले नाही, तरी ते समोर ठेवलेली आणि वळसा घालून टाळता येण्याजोगी वस्तू म्हणून येते, कारण टाळणे वस्तूचेच होते. ‘पोस्टपोन’ ज्याला पुढे ढकलते, ‘कन्सिडर’ ज्याला तोलून पाहते, ‘डिनाय’ ज्याला नाकारते, त्या साऱ्यांना आधी बोलण्यात उभे करावे लागते. उलट ‘वाँट’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’ ही क्रियापदे कर्त्याला क्रियेच्या तोंडाशी नेऊन सोडतात. तेथून क्रिया व्हायची असते किंवा नाकारली जायची असते, पण ती तिऱ्हाईत होऊन समोर बसलेली नसते. इंग्रजीच्या याद्यांचा फार मोठा भाग या एका भेदाने उलगडतो, आणि तो उलगडताना काळाला हात लावावा लागत नाही.

आधुनिक पाश्चात्त्य भाषाविचारात या निष्कर्षाच्या जवळ सर्वांत अधिक कोण गेला असेल, तर तो अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर. त्याने १९६८ मध्ये असे मांडले की जेरंड क्रियेला वस्तुरूप देतो आणि इन्फिनिटिव्ह तिला शक्यतेच्या किंवा कल्पनेच्या पातळीवर ठेवतो. दोन वर्षांनी पॉल किपार्स्की आणि कॅरोल किपार्स्की यांनी ‘फॅक्ट’ या निबंधात दुसरी दिशा घेतली : ‘रिग्रेट’सारखी काही क्रियापदे आपल्या पोटातील गोष्ट खरी आहे असे गृहीत धरूनच चालतात, इतकी की वाक्य नकारार्थी केले तरी ते गृहीत ढळत नाही, आणि अशा क्रियापदांना जेरंड मानवतो, असे त्यांनी दाखवले. हा शोध मोलाचा असला तरी ‘अव्हॉइड’ आणि ‘सजेस्ट’ यांच्यापुढे तो एकटा पुरा पडत नाही, कारण त्यांच्या पोटातील गोष्ट खरी असल्याचे कोणीच गृहीत धरत नाही. पुढे पाणिनीच्या अभ्यासात ज्याने मोठे नाव मिळवले तो हाच पॉल किपार्स्की, हा एक गमतीचा योग.

पाणिनीची आठवण येथे आणखी एका कारणाने आवश्यक आहे. इंग्रजी इन्फिनिटिव्हला संस्कृतात सर्वांत जवळचे रूप म्हणजे ‘तुमुन्’ प्रत्ययाने होणारे, ‘भोक्तुम्’, ‘गन्तुम्’ असे. पाश्चात्त्यांच्या संस्कृत व्याकरणांत जेरंड हे नाव मात्र ‘गत्वा’सारख्या रूपांना दिलेले असते, त्यामुळे तेथे गोंधळ होऊ देऊ नये. तुमुन् कोठे येतो हे पाणिनी एका सूत्रात सांगत नाही, वेगवेगळ्या ठिकाणी सांगतो; त्यांतली तीन ठिकाणे येथे पुरेशी आहेत. अष्टाध्यायीच्या ३.३.१० या सूत्रात एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी केली जात असताना तो येतो, म्हणजे जेवण्यासाठी जाणे, ३.३.१५८ मध्ये इच्छार्थक धातूंबरोबर, इच्छिणारा आणि करणारा एकच असताना, आणि ३.४.६५ मध्ये शकणे, धजणे, जाणणे, थकणे, झटणे, आरंभणे, लाभणे, सरसावणे, साहणे, योग्य असणे अशा अर्थांच्या दहा धातूंबरोबर आणि असणे या अर्थाच्या धातूंबरोबर. शालेय इंग्रजी व्याकरण हा भेद करत नाही म्हणून ‘स्टॉप’ या क्रियापदाचे कोडे उगाच मोठे होते. ‘स्टॉप स्मोकिंग’ म्हणजे धूम्रपान सोडणे, ‘स्टॉप टू स्मोक’ म्हणजे धूम्रपानासाठी थांबणे. एका क्रियापदाला दोन रूपे चालून अर्थ बदलल्याचे हे उदाहरण म्हणून शिकवले जाते, पण वस्तुतः दुसऱ्या वाक्यातील इन्फिनिटिव्ह ‘स्टॉप’ने मागितलेलाच नाही, तो ३.३.१० च्या जातीचा, स्वतंत्रपणे आलेला हेतू आहे. लक्षात घेण्याजोगी दुसरी गोष्ट अशी की जगातील सर्वांत काटकसरी व्याकरणालाही येथे अखेर धातूंची यादीच द्यावी लागली. अर्थाचा भेद बरेच काही सांगतो, परंतु कोणता धातू कोणाशी जुळला याचा काही भाग भाषेच्या वहिवाटीत राहतोच. इंग्रजीतही ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ यांना दोन्ही रूपे जवळपास एकाच अर्थाने चालतात, आणि तेथे बळेच अर्थभेद शोधणारे लेखक वाचकाचा वेळ घेतात. फ्रेंचमधून आलेली क्रियापदे जेरंड घेतात असे सांगून ही वहिवाट इतिहासाने उलगडावी, तर ‘रिफ्यूज’ आणि ‘डिसाइड’ ही त्याच वाटेने आलेली क्रियापदे इन्फिनिटिव्ह घेऊन उभी राहतात.

इतिहासाकडे वळल्यास दोन्ही रूपांच्या मुळाशी नामच सापडते. जुन्या इंग्रजीत ‘टू’ हे दिशा दाखवणारे अव्यय होते आणि त्याच्यापुढे धातूपासून झालेले नाम चतुर्थीसारख्या विभक्तीत येई. म्हणजे ‘टू’ युक्त रूपाचा मूळ अर्थ त्या क्रियेकडे, त्या क्रियेप्रत, असा होता. संस्कृतातील तुमुन्नन्त रूपही मुळात द्वितीयेत गोठलेले नाम आहे, आणि वेदांत ‘दातवे’ अशी चतुर्थीची रूपेही त्याच कामाला येतात. गोठल्यावर मात्र त्यांचे नामपण संपले : पाणिनीच्या मते मकारान्त कृदन्त अव्यय होते, त्याला लिंग, वचन वा विभक्ती उरत नाही. ‘इंग’चा प्रवास उलट दिशेने झाला. जुन्या इंग्रजीत हा प्रत्यय शुद्ध नाम घडवत असे, आणि मध्ययुगीन इंग्रजीपासून पुढे त्या नामात हळूहळू क्रियापदाचे गुण शिरले, त्याला कर्म लागू लागले, क्रियाविशेषण लागू लागले. म्हणून आजचा जेरंड दुहेरी आहे, आणि त्याचे हे दुहेरीपण ‘पाक’ या संस्कृत नामाशी ताडून पाहण्यासारखे आहे. ‘पाक’ला कर्म जोडायचे तर ते षष्ठीत जाते, ‘ओदनस्य पाकः’, म्हणजे भाताचे शिजवणे. ‘भोक्तुम्’ला मात्र कर्म द्वितीयेतच लागते, ‘ओदनं भोक्तुम्’, कारण अव्ययाबरोबर षष्ठीला पाणिनीने मनाई केली आहे. इंग्रजीत एकाच ‘इंग’ रूपाला दोन्ही वाटा खुल्या आहेत : ‘द सिंगिंग ऑफ द साँग’ आणि ‘सिंगिंग द साँग’.

या दोन वाटांतील फरक तत्त्वज्ञ झीनो व्हेंडलर याने ‘लिंग्विस्टिक्स इन फिलॉसॉफी’ या १९६७ च्या ग्रंथात हेरला. ‘ऑफ’ असलेले रूप हळू, मोठ्या आवाजाचे, अचानक असे काहीही असू शकते, म्हणजे त्याने एक घटना सांगितली जाते. ‘ऑफ’ नसलेले रूप अशक्य, आश्चर्यकारक, निश्चित असू शकते, पण हळू किंवा मोठ्या आवाजाचे असू शकत नाही, म्हणजे त्याने घटना नव्हे तर वस्तुस्थिती सांगितली जाते. घटना काळात घडते, वस्तुस्थितीला काळात हालचाल नसते. भर्तृहरीने हीच दुहेरी रचना प्रत्ययाच्या पातळीवर उलगडली होती. ‘पाक’ या एकाच शब्दात धातूचा भाग क्रियेला साध्य म्हणून सांगतो आणि ‘घञ्’ हा प्रत्यय तिला सिद्ध म्हणून सांगतो, असे तो म्हणतो. जेरंडच्या पोटातले कर्म धातूने मागितले आहे आणि बाहेरून त्याला नामाची जागा प्रत्ययाने दिली आहे, असे म्हटले की विरोध उरत नाही.

मात्र येथे एक धोका आहे, आणि तो ज्याने सर्वांत निर्दयपणे दाखवला तो वैयाकरण नव्हे, बौद्ध आचार्य नागार्जुन होय. मूलमध्यमककारिकेचे दुसरे प्रकरण गमनाच्या परीक्षेला वाहिलेले आहे. जो मार्ग चालून झाला त्यावर चालणे होत नाही, जो चालायचा आहे त्यावरही होत नाही, आणि या दोहोंना सोडून ‘चालला जात असलेला’ असा तिसरा मार्ग सापडत नाही, असा त्याचा युक्तिवाद; शिवाय चालल्या जात असलेल्या मार्गाला चालणे आहे असे म्हटले, तर एक चालणे त्या मार्गाला तसे नाव देणारे आणि दुसरे त्यावर घडणारे, अशी दोन चालणी मानावी लागतात, आणि दोन चालण्यांना दोन चालणारे. व्याकरणाच्या दृष्टीने हा हल्ला क्रियापदापासून नाम बनवण्यावर आहे. ‘जातो’ या क्रियापदातून ‘जाणे’ हे नाम काढले, त्याला वस्तू मानले, आणि मग ते जाणाऱ्यापाशी आहे की मार्गापाशी असे विचारले, की उत्तर सापडतच नाही. वैशेषिकांनी उलट मार्ग घेऊन कर्माला, म्हणजे हालचालीला, द्रव्य आणि गुण यांच्याइतकाच स्वतंत्र पदार्थ मानले आणि त्याचे उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन असे पाच प्रकार मोजले. विसाव्या शतकात डोनाल्ड डेव्हिडसन याने १९६७ मधील एका निबंधात कृतिवाक्यांचे तर्करूप मांडताना घटनांना वस्तूंच्या पंगतीत बसवले ते याच बाजूचे. भर्तृहरीची वाट या दोहोंमधून जाते. एकामागून एक उपजणाऱ्या क्षणांचा समूह बुद्धीने एक मानला जातो आणि त्या एकत्वालाच क्रिया म्हणतात, असे त्याचे मत. जेरंडचे वस्तुपण शब्दाने दिलेले आहे, जगात तशी वस्तू आहे असा दावा त्यात नाही. नागार्जुनाने ज्या वस्तूवर घाव घातला, ती वैयाकरणाने कधी मानलेलीच नव्हती, असे म्हणायला त्यामुळे जागा राहते.

साध्य आणि सिद्ध यांचा भेद धर्मविचारात शिरला तो मीमांसेतून, आणि तेथे त्याला व्याकरणाहून मोठी किंमत आली. मीमांसकांच्या मते वेद माणसाला काय करावे ते सांगतो. जैमिनीच्या सूत्रांत अशी शंकाच येते की वेद क्रियेसाठी असल्यामुळे ज्या वाक्यांतून क्रिया निघत नाही ती निरर्थक ठरतील, आणि मग ती वाक्ये विधीची स्तुती करतात, म्हणून विधीशी जोडूनच त्यांना अर्थ येतो, असे समाधान दिले जाते. विध्यर्थी प्रत्यय जे सांगतो त्याला मीमांसक कुमारिलाच्या परंपरेत भावना म्हणतात. भावना म्हणजे काहीतरी घडवून आणण्याचा व्यापार, आणि तिला काय साधायचे, कशाने साधायचे, कोणत्या रीतीने साधायचे या तीन आकांक्षा असतात. प्रभाकराच्या अनुयायांनी तर शब्दाचा अर्थ मुळातच कार्याशी, म्हणजे करण्याच्या गोष्टीशी, जोडलेला असतो असे धरले, कारण मूल भाषा शिकते ती मोठ्यांची आज्ञा आणि त्यावर होणारी कृती पाहून. या मताने सारे वाङ्मय अखेर ‘टू’च्या दिशेचे होते; त्यात स्वस्थ बसलेल्या वस्तूला स्थान नाही.

शंकराचार्यांना हे मान्य करता येईना, कारण ब्रह्म सिद्ध आहे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यात ते दाखवतात की क्रियेचे फळ चारच प्रकारचे असू शकते : नवे उत्पन्न केलेले, बदल घडवून आणलेले, दुसरीकडे जाऊन मिळवलेले किंवा संस्काराने शुद्ध केलेले. मोक्ष यांपैकी कशातच बसत नाही, कारण तो आत्म्याचे स्वरूपच आहे. पुढे ते ज्ञान आणि ध्यान यांत भेद करतात. लौकिक असो वा वैदिक, कर्म करता येते, न करता येते किंवा निराळ्या प्रकारे करता येते, असे सांगताना त्यांनी संस्कृतातील तुमुन्नन्त रूपच तीनदा योजले आहे, आणि वस्तूचे ज्ञान मात्र या तिन्ही प्रकारांच्या बाहेर आहे, ते पुरुषाच्या अधीन नसून वस्तूच्या अधीन आहे, असे म्हटले आहे. ध्यान मानसिक असले तरी ते कर्मच आहे, कारण ते करावे की न करावे हे माणसाच्या हाती असते.

मग मुमुक्षूची अडचण उभी राहते. ‘मुमुक्षु’ या शब्दातील इच्छार्थक प्रत्ययही पाणिनीने एकाच कर्त्याची इच्छा सांगण्यासाठीच विहित केला आहे, आणि तो वैकल्पिक असल्यामुळे त्याच्या जागी तुमुन्नन्त आणि इच्छार्थक धातू अशी जोडी चालते. म्हणजे जो मुक्त होऊ इच्छितो त्याच्या शब्दातच मुक्ती साध्य होऊन बसते, आणि वेदान्त त्यालाच सांगतो की ती साध्य नाही. गळ्यातच असलेला सोन्याचा दागिना हरवला समजून शोधणाऱ्याचे जे उदाहरण वेदान्ती देतात ते याच अडचणीचे आहे. भर्तृहरीच्या व्याख्येने येथे एक वाट मोकळी होते, असे या विवेचनाच्या ओघात म्हणता येईल : सिद्ध गोष्ट साध्य म्हणून सांगितली जाणे हा शब्दाचा स्वभाव आहे, त्यामुळे मुमुक्षा खोटी ठरत नाही, केवळ तिचे व्याकरण वस्तूचे व्याकरण मानण्याची चूक टाळावी लागते. ज्ञानदेवांनी अमृतानुभवात शब्दखंडनाचे स्वतंत्र प्रकरण रचून याहून कठोर भूमिका घेतली. आत्मा स्वतःसिद्ध असल्यामुळे शब्द त्याला सिद्ध करू शकत नाही, आणि अविद्या मुळातच नसल्यामुळे शब्द तिला नाहीशीही करू शकत नाही. शब्दाला करण्याजोगे काहीच उरत नाही.

‘जाणणे’ या एका धातूपाशी या दोन्ही धाग्यांची गाठ पडते. पाणिनीच्या यादीत ‘ज्ञा’ आहे, आणि ‘जानाति भोक्तुम्’ हे त्याचे परंपरेतील उदाहरण आहे, ज्याचा अर्थ जेवावे कसे हे तो जाणतो असा होतो. इंग्रजीतील ‘नो’ मात्र इन्फिनिटिव्हला थेट जवळ करत नाही. त्याला मध्ये ‘हाउ’ लागते. गिल्बर्ट राइल याने १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ मध्ये कसे करावे हे जाणणे आणि अमुक आहे हे जाणणे यांत भेद केला, आणि पहिले दुसऱ्यात विरघळवता येत नाही असे सांगितले. २००१ मध्ये जेसन स्टॅन्ली आणि टिमथी विल्यमसन यांनी त्याला आव्हान दिले ते ‘नोज हाउ टू’ या रचनेतील इन्फिनिटिव्हच्या व्याकरणावरूनच : ‘हाउ टू’ हा पोटप्रश्न आहे आणि प्रश्नाचे उत्तर जाणणे म्हणजे अमुक आहे हे जाणणेच, असा त्यांचा युक्तिवाद. शंकराचार्यांच्या विभागणीत पोहणे जाणणे, यज्ञ करणे जाणणे आणि ध्यान करणे जाणणे ही सारी कर्माच्या बाजूला पडतील, कारण त्यांच्या मागे तुमुन्नन्त लागते आणि ते करणे किंवा न करणे जाणणाऱ्याकडे राहते. ब्रह्म जाणणे मात्र ‘ज्ञा’ला द्वितीयेतील नाम घेऊन येते, त्याच्या मागे तुमुन्नन्त लावायला पाणिनीच्या ३.४.६५ ची हरकत नाही, पण लावायचे ठरवले तर कोणत्या धातूला तुमुन् लावावा, हे अद्वैतवाद्याला सांगता येणार नाही.